वाटा नसलेला वाटेकरी

इंग्रजी भाषेतील ‘पार्टनर’ हा शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहरात भर दुपारी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवरून धावताना दिसतो. हॉटेलातील जेवण घरोघर पोहोचविणारा तरुण हा ‘डिलिव्हरी पार्टनर’, मोबाईलवरून बोलावलेली मोटार चालविणारा ‘ड्रायव्हर पार्टनर’, घरी येऊन केशभूषा वा साफसफाई करणारी स्त्री ‘सर्व्हिस पार्टनर’. कंपन्यांच्या जाहिरातींत हाच शब्द, करारपत्रांत हाच शब्द, वृत्तपत्रांच्या बातम्यांत हाच शब्द. आणि खेदाची गोष्ट अशी की श्रमिकांच्या बाजूने काढलेल्या पत्रकांतही तो आता निमूटपणे येऊन बसू लागला आहे. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात या प्रकारचे काम करणारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या श्रमिकवर्गाला ज्या नावाने हाक मारली जाते ते नाव कोठून आले, त्याचा अर्थ काय आणि ते त्याला चिकटविण्यात कोणाचे हित आहे, याची चौकशी झालीच पाहिजे.

चळवळीत मुरलेला एखादा कार्यकर्ता म्हणेल, पोटाच्या प्रश्नाशी शब्दकोशाचा काय संबंध? लढा मजुरीच्या दराचा आहे, तो लढावा. शब्दांचा कीस पंडितांनी पाडावा. हा आक्षेप वरवर रोकठोक वाटतो, पण तो फसवा आहे. कोणताही कामगार कायदा उघडावा. त्याच्या आरंभी व्याख्या असतात. कामगार म्हणजे कोण हे तेथे ठरते, आणि जो त्या व्याख्येबाहेर पडला त्याच्यापुरती पुढची सर्व प्रकरणे कोरी असतात. त्याला किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, काढून टाकताना नोटीस नाही, औद्योगिक न्यायालयाचे दार नाही. मालकवर्गाला हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच दराची घासाघीस सुरू होण्याआधीच तो माणसाचे नाव बदलून मोकळा होतो.

शब्दाचा उगम पाहावा. ‘पार्टनर’च्या मुळाशी लॅटिन भाषेतील भाग वा वाटा या अर्थाचा ‘पार्स’ हा शब्द आहे. त्यावरून वाटणी या अर्थाचा लॅटिन शब्द, त्यावरून जुन्या फ्रेंच भाषेतील वाटेकऱ्याचा शब्द, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्लंडच्या न्यायालयांत आलेला ‘पार्सनर’, अशी ही वंशावळ आहे. १३०० सालाच्या सुमारास, भाग या अर्थाच्या ‘पार्ट’ शब्दाच्या ओढीने, ‘पार्सनर’चे रूप बदलले आणि ‘पार्टनर’ तयार झाला. फाळणीचा ‘पार्टिशन’ हाही याच कुळातला. पार्सनर म्हणजे कोण? वडिलोपार्जित जमिनीत ज्याचा अविभक्त वाटा आहे असा वारस. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमीनधारक पुत्र नसताना मरण पावला तर त्याच्या सर्व मुली मिळून त्या जमिनीच्या वारस होत आणि त्यांना ‘कोपार्सनर’ म्हणत. म्हणजे हा शब्द जन्माने सौजन्याचा नव्हे, दोस्तीचा नव्हे. तो मालमत्तेतील हक्काचा शब्द आहे.

हे जुने रूप महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांनाही परके नाही. इंग्रजी अमदानीत न्यायाधीशांनी मिताक्षरेतील एकत्र कुटुंबाच्या सहदायादांना ‘कोपार्सनर’ हेच नाव दिले आणि भाऊबंदांच्या वाटणीच्या दाव्यांत ते अजूनही घुमत असते. या सहदायादांत मुलींना स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना ते दिले. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ते देशभरच्या मुलींना मिळाले. वडिलांच्या जमिनीत लेकीचे नाव लागावे यासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या! आणि त्याच शब्दाचे धाकटे भावंड कंपन्या आज रस्त्यावरच्या कोणत्याही पोराला फुकट वाटत सुटल्या आहेत. ज्या नात्यापायी भाऊ भावाला कोर्टात खेचतो ते नाते जर असे खिरापतीसारखे मिळू लागले, तर आतला वाटा आधीच काढून घेतलेला असला पाहिजे, एवढा संशय तरी शहाण्या माणसाला यायला हवा.

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात पसरतात हे खरे. टेनिसच्या दुहेरीतील जोडीदार पार्टनर, पत्त्यांच्या डावात समोर बसलेला गडी पार्टनर, पतिपत्नीही परस्परांचे पार्टनर. शिडाच्या जहाजावर डोलकाठी ज्या भोकातून खाली उतरते त्याभोवतीच्या लाकडी चौकटीलाही इंग्रज खलाशी ‘पार्टनर्स’ म्हणत. मराठी तरुणांच्या पिढ्यांनी व. पु. काळे यांची याच नावाची कादंबरी आवडीने वाचली. पण माणसांविषयीच्या या साऱ्या अर्थांना बांधणारा एक धागा आहे: डाव गेला तर दोघांचा जातो, आला तर दोघांचा येतो. जेवण पोहोचविणारा पार्टनर पावसात निसरड्या वळणावर पडला तर कंपनी त्याच्याबरोबर पडत नाही. तिच्या दृष्टीने एक मागणी रद्द झालेली असते, आणि ती दुसऱ्याकडे सोपविली जाते.

भावनेचा अर्थ बाजूला ठेवून कायद्याचा घ्यावा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा, इंग्रजांच्या काळातला आणि व्यापाऱ्यांच्या सोयीचा. त्यावर समाजवादाचा आरोप कोणी करणार नाही. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने कोणी चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी मान्य केले आहे त्यांच्यातील नाते म्हणजे भागीदारी. नववे कलम भागीदारांना परस्परांशी सचोटीने वागण्यास आणि खरे हिशेब देण्यास बांधते. बाराव्या कलमान्वये प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घेण्याचा, फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. तेरावे कलम सांगते की वेगळा करार नसेल तर नफ्यात सर्वांचा वाटा सारखा. तेहतिसावे कलम तर असे की करारात तसा अधिकार दिलेला असल्यावाचून आणि तो सद्हेतूने वापरल्यावाचून बहुसंख्य भागीदारांनासुद्धा एका भागीदाराला काढून टाकता येत नाही.

आता या कलमांशेजारी दुचाकीवरील भागीदाराला उभे करावे. नफ्यात वाटा? त्याला फेरीमागे पैसे मिळतात, आणि ते कसे ठरतात हे त्याला कळत नाही. काल एवढ्याच अंतराला जो दर होता तो आज का नाही, याचे उत्तर देणारा माणूसच समोर नसतो. कारभारात भाग? कोणती फेरी कोणाला द्यायची, गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे, हॉटेलकडून किती कापायचे, हे सारे कंपनी ठरविते. वह्या पाहण्याचा हक्क? आपल्या नावापुढचे तारे कोणी आणि का कमी केले हेदेखील त्याला धड समजत नाही. काढून टाकण्याविरुद्ध संरक्षण? एके सकाळी मोबाईल उघडावा आणि आयडी बंद झालेली दिसावी, एवढ्यावर भागीदारी आटोपते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, गाडीचा हप्ता त्याचा, अपघातात मोडलेला पाय त्याचा. तोट्यात तो पुरेपूर भागीदार आहे, यात शंका नाही.

आणि या ढोंगाची कबुली खुद्द करारातच दिलेली असते. शीर्षकात पार्टनर म्हणणाऱ्या या इंग्रजी करारांत पुढे कोठेतरी बारीक अक्षरांत बहुधा असे एक कलम असते की या करारामुळे उभय पक्षांत भागीदारीचे, अभिकर्त्याचे किंवा मालक-नोकराचे कोणतेही नाते निर्माण होत नाही. म्हणजे हाक मारताना पार्टनर, न्यायालयात जाण्याची वेळ आली तर पार्टनर नव्हे आणि नोकरही नव्हे! मग हा माणूस आहे तरी कोण? तो कोणी नाही, हेच कंपनीला सिद्ध करावयाचे असते. हा करार मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याच्या एका स्पर्शाने ‘मान्य’ होतो. महाराष्ट्रात अंगठ्याचा इतिहास जुना आहे. न वाचता दिलेल्या अंगठ्यांची कर्जखते पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांच्या घरांतून काढून जाळली, आणि त्यानंतर १८७९ साली झालेल्या कायद्याने न्यायालयांना कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्यास सांगितले. परक्या सरकारलाही जे एकोणिसाव्या शतकात उमगले ते एकविसाव्या शतकात पुन्हा समजावून सांगावे लागत आहे.

वाट्याने काम करण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. कोकण किनाऱ्यावर होडीवरच्या खलाशांना मासळीत वाटा मिळत आला. अर्धेलीने जमीन कसणारा शेतकरी कमालीचा नाडलेला होता. जमीनमालक आणि सावकार त्याला दोन्ही बाजूंनी पिळीत. पण खळ्यावर धान्याची रास त्याच्या डोळ्यांसमोर मोजली जाई आणि तीत त्याचा भाग आहे हे नाकारता येत नसे. बलुतेदारी ही तर जातीच्या बेडीने जखडलेली व्यवस्था होती. तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. तरी या सरंजामी जगातही ज्याला वाटेकरी म्हणत त्याला, कमी का होईना, वाटा असे. वाटा न देता वाटेकरी म्हणण्याची युक्ती देशमुख-देशपांड्यांना सुचली नव्हती.

हा शब्द बोलण्याच्या ओघात सहज आला असे मानणारे भाबडे लोक आहेत. त्यांनी इंग्लंडमधील एक प्रकरण लक्षात घ्यावे. २०१७ साली तेथील डिलिव्हरू या खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या कंपनीचे एक अंतर्गत टिपण वृत्तपत्रांच्या हाती लागले. कर्मचाऱ्यांनी कोणते शब्द वापरावेत आणि कोणते टाळावेत याची ती चक्क यादी होती. दुचाकीस्वारांना ‘स्वतंत्र पुरवठादार’ म्हणावयाचे. त्यांना कामावर घेतले असे म्हणावयाचे नाही. त्यांचा गणवेश हा गणवेश नव्हे, कंपनीचे नाव छापलेले कपडे. पगाराची चिठ्ठी ही चिठ्ठी नव्हे, स्वाराने पाठविलेले बीजक. एखाद्या गुन्ह्यातील साक्षीदारांना जबान्या पढविल्या जाव्यात त्याप्रमाणे येथे शब्द पढविले गेले होते. अमेरिकेत वॉलमार्ट आपल्या दुकानांतील नोकरांना ‘असोसिएट’, म्हणजे सहकारी, म्हणते ते याच जातीचे. फरक इतकाच की ते निदान नोकर असल्याचे ती नाकारीत नाही.

भारतात ही युक्ती मोबाईलबरोबर आली असे समजणेही चूक ठरेल. सोलापूर, सिन्नर, निपाणी या भागांतील विडी कामगार स्त्रियांना तिचा जुना परिचय आहे. कारखान्याच्या छपराखाली विड्या वळल्या तर कारखाना कायदा लागतो, म्हणून मालकांनी पाने आणि तंबाखू घरोघर दिली. घरखात्यालाही कायदा लागू होईल अशी चिन्हे दिसताच खरेदी-विक्रीचे सोंग निघाले: बाई मालकाकडून तंबाखू ‘विकत घेते’ आणि त्यालाच विड्या ‘विकते’. म्हणजे ती मजूर नव्हे, स्वतंत्र व्यापारी! घरात वीतभर जागा, मांडीवर सूप, आणि कागदोपत्री व्यापारी. शेवटी १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्या काळी ‘पार्टनर’ हा शब्द मालकांना सुचला नाही एवढेच. सुचता तर विड्यांच्या कट्ट्यावर तोही छापला गेला असता.

त्याच्याही आधीचे एक प्रकरण आज प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील रासायनिक कारखान्यासाठी अगरिया लोक मिठागरांत काम करीत. त्यांना मणामागे पैसे मिळत. त्यांची हजेरी नसे, कामाचे तास ठरलेले नसत, घरची माणसे ते हाताशी घेत, आणि जरूर पडल्यास स्वतःच्या खर्चाने मजूरही लावीत. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली निर्णय दिला की हे कामगारच आहेत. काम कसे करावयाचे यावर कंपनीची देखरेख आणि नियंत्रण आहे, आणि अगरिया स्वतः राबतो. तो मदतीला आणखी हात घेतो एवढ्याने त्याचे कामगारपण जात नाही. पुढे १९७८ साली कोळिकोडच्या दोरखंडाच्या कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तर स्पष्टच सांगितले की मध्ये कंत्राटदारांचे कितीही पडदे असोत, ज्याच्या धंद्यासाठी श्रम होतात आणि ज्याच्या हाती त्या श्रमिकाचे पोट आहे तो मालक. न्यायालयाने पडदा बाजूला करून पाहावे. आज मधला पडदा काचेचा आहे आणि तो श्रमिकाच्याच खिशात असतो.

या पूर्वपुण्याईचा आपल्याकडे विसर पडलेला असताना युरोपात तीच लढाई नव्याने लढली गेली. लंडनमधील उबरच्या चालकांचा दावा प्रथम २०१६ साली औद्योगिक न्यायाधिकरणापुढे आला. कंपनीचे म्हणणे असे की ती केवळ मध्यस्थ आहे. लंडनमध्ये तीस हजार छोटे स्वतंत्र धंदे आहेत आणि ती त्यांना जोडणारा एक मंच आहे. न्यायाधिकरणाने ही कल्पना हास्यास्पद ठरविली. अपिलांमागून अपिले होऊन १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चालकांच्या बाजूने निकाल दिला. भाडे कंपनी ठरविते, कराराच्या अटी कंपनी लादते, फेऱ्या नाकारणाऱ्यावर कंपनी लक्ष ठेवते, गुणांकनाचा चाबूक कंपनीच्या हाती आहे, आणि उतारू व चालक यांचा परस्परसंबंध जुळू नये याचीही काळजी कंपनीच घेते. तेव्हा कागदावर काय लिहिले आहे त्याला महत्त्व नाही, असा त्या निकालाचा आशय होता. स्पेनने त्याच वर्षी कायदाच करून अन्न पोहोचविणाऱ्या स्वारांना नोकर मानण्याचे गृहीतक आणले.

विजयाच्या उत्साहात दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे मात्र कारण नाही. त्याच ब्रिटिश न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२३ रोजी डिलिव्हरूच्या स्वारांविरुद्ध निकाल दिला. स्वाराला आपल्या जागी दुसऱ्या कोणालाही पाठविण्याची करारात मुभा होती. ज्याला बदली माणूस पाठविता येतो तो कामगार कसला, म्हणून सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. विलायतेतील वकिलांनी ही फट शोधून काढली, आणि येथील कंपन्यांचे वकील ती उद्या वापरतील. त्यांच्यासाठी ध्रांगध्र्याचा अगरिया तयार ठेवावा. तोही आपल्या जोडीला स्वतःच्या पैशाने दुसरे हात लावीत होता, आणि तरीही तो कामगार ठरला.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो कंपन्यांचा नव्हे तर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी अनेकांचा आहे. त्यांना हा शब्द आवडतो. मुकादमाची शिवी नाही, हजेरीचा भोंगा नाही, मनाला येईल तेव्हा काम सुरू करावे, नको तेव्हा बंद करावे. आणि गावाकडे सांगताना ‘हमाली करतो’ यापेक्षा ‘कंपनीचा पार्टनर आहे’ हे बरे वाटते. हे हसण्यावारी नेणे हा डाव्यांचा जुना उद्दामपणा होईल. ज्या समाजात अंगमेहनतीला जातीने हलके ठरविले, तेथे श्रमिकाला प्रतिष्ठेची भूक असणार, आणि गिरण्या व वखारींतील मुकादमशाहीची कटू आठवण घराघरांत आहे. कंपनीने ही भूक अचूक हेरली. पण तिने दिले काय? वेळेचे स्वातंत्र्य म्हणावे तर जेवणाच्या वेळी आणि शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढल्यावाचून उत्तेजनपर रक्कम हाती लागत नाही, आणि तिच्यावाचून हप्ता भागत नाही. पंधरा तास रस्त्यावर राहण्याचे स्वातंत्र्य मात्र निर्वेध आहे. मार्क्सने उक्त्या मजुरीचा विचार करताना दीडशे वर्षांपूर्वीच दाखविले होते की नगावर पैसे दिले की मजूर स्वतःच आपला दिवस लांबवितो आणि मालकाला मुकादमाची गरज उरत नाही. प्रतिष्ठेचे म्हणावे, तर कित्येक गृहसंकुलांत या पार्टनरला मुख्य उद्‌वाहन वापरण्याची बंदी असते. कंपनीच्या शब्दाने त्याला दारवानासमोरही उभे राहता येत नाही.

गुरुग्राममध्ये २०२१ साली घरोघर जाऊन सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनी नव्या अटींविरुद्ध कंपनीच्या कचेरीसमोर धरणे धरले, तेव्हा कंपनीने या आपल्या पार्टनरांविरुद्धच न्यायालयात दावा दाखल केला. स्त्रिया थंडीत बाहेर, आणि भागीदार आत.

केंद्र सरकारने काय केले? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, या श्रमिकांची प्रथमच कायद्यात दखल घेतली. त्यांच्यासाठी विमा, आरोग्य, मातृत्व, वार्धक्य यांविषयीच्या योजना आखता येतील आणि कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेता येईल. मात्र ते या श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही. हे नाकारावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच संहितेने त्यांची व्याख्या करताना ‘पारंपरिक मालक-नोकर संबंधांबाहेर’ कमावणारे असे शब्द योजले. कंपन्यांच्या वकिलांना जे न्यायालयात सिद्ध करून घ्यावे लागले असते ते संसदेने आयते व्याख्येत लिहून दिले. किमान वेतन नाही, तासांची मर्यादा नाही. धर्मादाय पेटीत टाकावे तसे काही टक्के, आणि नात्याचा प्रश्न कायमचा बंद. राजस्थानने २०२३ साली नोंदणी व कल्याण मंडळाचा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ साली काढून टाकण्यापूर्वी चौदा दिवसांची लेखी, सकारण नोटीस सक्तीची केली. ही पावले केंद्राच्या पुढची आहेत. तरी मूळ प्रश्नाला, म्हणजे मालक कोण या प्रश्नाला, त्यांनीही वळसा घातला आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत कोणाकडून शिकण्याची वास्तविक गरज नाही. ज्याचा मालक रोज बदलतो, ज्याला हजेरीपट नाही, जो कामापुरता बोलाविला जातो, अशा श्रमिकाचा प्रश्न या राज्यात १९६९ सालीच सोडविला गेला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील माथाडींनी आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जो संघर्ष केला त्याच्या पाठबळावर माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा उभा राहिला. व्यापारी तेव्हा म्हणतच होते की हमाल कोणा एकाचा नसतो, मग मालक कोणाला ठरविणार? कायद्याने त्यावर साधा तोडगा काढला. मालकांचीही नोंदणी, श्रमिकांचीही नोंदणी; कामगार, मालक आणि सरकार यांचे मंडळ; मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावरच्या आकारणीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी. आणि त्या कायद्याने या श्रमिकाला नाव काय दिले? ‘असंरक्षित कामगार’. या नावात गोडवा नाही, पण त्यात त्याची स्थितीही आहे आणि कायद्याची जबाबदारीही. बाजार समितीच्या आवारात पाठीवर पोते घेणारा असंरक्षित कामगार ठरतो, आणि त्याच गावात पाठीवर पिशवी घेणारा त्याचा मुलगा पार्टनर ठरतो. पोत्याला शिवण होती आणि पिशवीला कंपनीचे चिन्ह आहे, यापलीकडे त्या दोघांच्या श्रमांत कायद्याने मानावा असा भेद कोणता? फेरीचा प्रत्येक पैसा संगणकात नोंदला जात असताना आकारणी वसूल करणे तर भाजीबाजारातल्यापेक्षा शतपटींनी सोपे आहे.

येथे कोणी लोहियांचा दाखला देऊन म्हणेल की शब्द इंग्रजी आहे म्हणून हाकलावा. लोहियांचा इंग्रजीला विरोध होता तो ती मूठभरांच्या सत्तेचे हत्यार बनली म्हणून, आणि न वाचता येणाऱ्या करारांच्या बाबतीत तो शंभर टक्के लागू आहे. करार मराठीत मिळालाच पाहिजे ही मागणी लावून धरावी. परंतु ‘पार्टनर’ काढून ‘भागीदार’ वा ‘सेवासाथी’ घातल्याने काही साधत नाही. मराठीत बोलले म्हणून खोटे खरे होत नाही, आणि कंपन्यांची जाहिरातखाती अशी भाषांतरे एका दुपारी करून देतील. ज्यांना खरोखर पार्टनर व्हावयाचे असेल त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे: सहकारी संस्था काढावी, ॲप तिच्या मालकीचे असावे, हिशेब सर्वसाधारण सभेपुढे यावेत. तेथे हा शब्द त्याच्या मूळ अर्थासह शोभेल. मात्र साखरेच्या सहकारात सभासद आणि ऊसतोडणी मजूर यांच्यात जी दरी पडली, तिची आठवण ठेवूनच तेथे पाऊल टाकावे लागेल.

पक्षाच्या शाखांनी व मित्रसंघटनांनी तूर्त आपल्या घरापासून सुरुवात करावी. पत्रक, ठराव, निवेदन, पावतीपुस्तक यांपैकी कोठेही ‘पार्टनर’ हा शब्द अवतरणचिन्हांवाचून छापला जाऊ नये. ‘वाहतूक कामगार’, ‘घरपोच सेवा कामगार’ असे सरळ लिहावे. सभासद नोंदताना प्रत्येकाकडून एका महिन्याची नोंद करून घ्यावी: ॲप किती वाजता उघडले, किती वाजता बंद केले, किती फेऱ्या, किती किलोमीटर, पेट्रोलचा खर्च, दंडापोटी काय कापले, आयडी कितीदा आणि कोणते कारण देऊन बंद झाली, उत्तर माणसाने दिले की यंत्राने. मोबाईलवरच्या कराराची प्रत जपून ठेवावी, कारण अटी बदलल्या की जुनी प्रत पडद्यावरून नाहीशी होते. कामगार आयुक्तांपुढे किंवा न्यायालयात जेव्हा नियंत्रण कोणाचे हा प्रश्न विचारला जाईल, तेव्हा भाषणांचा उपयोग होणार नाही, या वह्यांचा होईल. भागीदाराला वह्या पाहण्याचा हक्क कंपनी देत नाही. तेव्हा कामगारांनी आपल्या वह्या आपणच लिहिण्यास लागावे.